कोकणात जेट स्की घ्यायची तर कुठली घ्यायची आणि तिचा स्पीड कसा वाढवायचा

जेट स्की घ्यायचीये असं कोणी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "टॉप स्पीड किती?" आणि लगेच दुसरा, "ट्यून केली तर किती जाईल?" दोन्हीची उत्तरं खाली देतोच. पण आधी एक गोष्ट सांगून ठेवतो. आपल्याकडे म्हणजे अलिबाग-रेवदंडा, काशिद-मुरुड, नाहीतर खाली तारकर्ली-देवबागला मशीन चालवायची असेल तर पैसे कुठे आधी टाकायचे याचा क्रम अमेरिकेतल्या व्हिडिओंमध्ये दाखवतात त्याच्या बरोब्बर उलटा आहे. तिकडे गोडं पाणी, स्वच्छ तळं, पंपावर चांगलं पेट्रोल, म्हणून ती मंडळी पहिल्याच आठवड्यात लॅपटॉप जोडून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ट्यून करतात. आपल्याकडे खारं पाणी, गाळ, जाळ्यांचे तुकडे आणि टाकीत ई-२०. इथे आधी पंप, मग तळ, मग पेट्रोल आणि ट्यूनिंग सगळ्यात शेवटी, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना तिथपर्यंत जायची गरजच पडत नाही.

पायरी १: किती स्पीड पाहिजे ते आधी ठरवा

कंपनीतून निघालेल्या मोठ्या मशिन्स साधारण १०५ किमी प्रतितासाच्या आसपास थांबतात. हा योगायोग नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी उत्पादक कंपन्यांनी अमेरिकन कोस्ट गार्डशी बोलून स्वतःहूनच ६५ मैल प्रतितासाची मर्यादा मान्य केली, त्यामुळे २५० हॉर्सपॉवरवाली घ्या की ३०० वाली, सपाट पाण्यावर दोघी जवळपास सारख्याच जातात, फरक पडतो तो तिथपर्यंत किती लवकर पोचतात यात. सी-डू स्पार्कचं ९० हॉर्सपॉवरचं मॉडेल ८० च्या आसपास जातं, ६० वालं ६५ च्या आसपास.

आता पाण्यावरचं गणित. स्पीड वाढला की लागणारी पॉवर साधारण त्याच्या घनाच्या हिशोबाने वाढते. म्हणजे १०५ वरून ११५ ला जायचं, फक्त दहा किलोमीटर जास्त, तर जवळजवळ ३० टक्के जास्त ताकद लागते. २५० हॉर्सपॉवरच्या मशीनला ७०-८० हॉर्सपॉवर अजून. ते दहा किलोमीटर किती महाग आहेत हे इथेच कळतं.

आणि खरं तर आपल्या समुद्रात १०० वापरायला मिळतो किती वेळ? सकाळी मतलई वारा असतो तोवर पाणी सपाट असतं, अकरा-बारा वाजता खारा वारा सुटला की लाटा उभ्या राहतात आणि मग ८० वर पण कंबर मोडते. त्यामुळे तुम्ही खाडीत, बॅकवॉटरमध्ये चालवणार का उघड्या समुद्रात, एकटे का मागे कोणी बसणार, हे आधी कागदावर लिहा. स्पीडोमीटरचा आकडा त्यानंतर.

पायरी २: मॉडेल

तीन गट धरा.

हलका गट म्हणजे स्पार्क. ९०० सीसीचं तीन सिलेंडर इंजिन, प्लॅस्टिक कंपोझिटचा तळ, वजन जेमतेम २०० किलोच्या आसपास, त्यामुळे पुळणीवरून तीन-चार जण ढकलून ट्रेलरवर चढवू शकता. टाकी ३० लिटरची. खाडीत आणि धरणाच्या पाण्यात खूप मजा, लाटेत मात्र बुचासारखी उडते. पहिल्यांदाच घेणाऱ्याला मी हीच सांगतो आणि लोक नाराज होतात, पण स्पीडची मजा आकड्यात कमी आणि पाण्याच्या किती जवळ बसलाय यात जास्त असते, स्पार्कवर ७० म्हणजे मोठ्या मशीनवरचे ९० वाटतात.

मधला गट म्हणजे सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेली मोठी इंजिनं. यामाहाचं १.९ लिटरचं एचओ इंजिन (व्हीएक्स आणि जीपीच्या काही मॉडेल्समध्ये येतं), कावासाकीचं १,४९८ सीसीवालं एसटीएक्स. कोकणासाठी माझं मत विचाराल तर इथेच थांबा. सुपरचार्जर नाही म्हणजे एक अख्खी कटकट नाही, पेट्रोलच्या बाबतीत नखरे कमी, आणि नीट पंप लावला तर स्पीड तुमच्या पोटात गोळा आणायला पुरेसा असतो.

वरचा गट म्हणजे सुपरचार्जरवाल्या: यामाहा जीपी १८००आर एसव्हीएचओ (१,८१२ सीसी), सी-डू आरएक्सपी-एक्स ३०० (१,६३० सीसी), कावासाकी अल्ट्रा ३१० (१,४९८ सीसी, ३१० हॉर्सपॉवर). यातली अल्ट्रा सगळ्यात जड आणि खोल व्ही आकाराच्या तळाची, ७८ लिटरची टाकी, उघड्या समुद्रात लाटा कापायला हिच्यासारखी दुसरी नाही. आरएक्सपी आणि जीपी वळणावर चिकटून जातात, रेसिंगचा तळ आहे तो, पण लाटेत तुमचे गुडघे काम करणार. फुल थ्रॉटलला यांची ७० लिटरची टाकी तासाभरात रिकामी होते, हे बायकोला आधी सांगू नका, आधी स्वतःला सांगा.

कूलिंगचा फरक नीट समजून घ्या कारण खाऱ्या पाण्यात तो महत्त्वाचा आहे. सी-डूमध्ये इंजिनात कारसारखं कूलंट फिरतं आणि ते खालच्या राइड प्लेटमध्ये थंड होतं, म्हणजे समुद्राचं पाणी इंजिन ब्लॉकमध्ये जातच नाही. यामाहा आणि कावासाकीत बाहेरचंच पाणी आत खेचून इंजिन थंड करतात, म्हणजे खार आणि गाळ दोन्ही आतून फिरणार. याचा अर्थ सी-डू धुवायची नाही असा नाही, तिच्याही एक्झॉस्टमध्ये आणि इंटरकूलरमध्ये बाहेरचंच पाणी जातं. पण गढूळ खाडीत रोज चालवणार असाल तर हा मुद्दा वजनदार आहे.

किंमतीबद्दल एवढंच की मशिन्स बाहेरून येतात, कस्टम ड्युटी लागते, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून हौसेच्या बोटींवर जीएसटी २८ चा ४० टक्के झालाय. त्यामुळे नवीचा भाव ऐकून लोक सेकंडहँडकडे वळतात, ते बरोबरच आहे, फक्त पुढची पायरी चुकवू नका.

पायरी ३: सेकंडहँड मशीन तपासणं

बीचवर भाड्याने फिरलेली मशीन स्वस्त मिळते आणि ती ओळखायला डोळे पुरतात. सीट काढा, इंजिनाच्या खाली बघा, ॲल्युमिनियमवर पांढरी पावडर, बोल्टच्या डोक्यांवर गंज, क्लॅम्प काळे पडलेले, म्हणजे मशीन कधी गोड्या पाण्याने धुतलेलीच नाही. आतला भाग नुकताच ऑइल मारून चमकवलेला असेल तर अजून संशय घ्या आणि वायरिंगचे कनेक्टर उघडून बघा, तिथे हिरवं दिसलं की खरं काय ते कळलं.

डिपस्टिक काढा. ऑइल दुधाळ, कॉफीसारखं असेल तर इंजिनात पाणी गेलंय, तिथेच नमस्कार करून निघा. कॉम्प्रेशन टेस्ट करायला लावा, सगळ्या सिलेंडरचा आकडा एकमेकांच्या जवळ पाहिजे, एखादाच खाली असेल तर किंमत कितीही पाडली तरी नको. तास किती झाले ते डिस्प्लेवर किंवा डायग्नोस्टिकमध्ये बघा, विक्रेत्याच्या तोंडी हिशोबावर जाऊ नका.

सुपरचार्जरवाली जुनी सी-डू असेल, म्हणजे २५५ किंवा २६० हॉर्सपॉवरची, तर सुपरचार्जर दर १०० तासांनी उघडून रीबिल्ड करायचा असतो. त्याचं बिल मागा. "केलंय हो, आमच्या पोराने केलंय" याला बिल म्हणत नाहीत. अजून जुन्या मशिन्समध्ये आत सिरॅमिकचे वॉशर होते, ते फुटले की तुकडे इंजिनात जातात, म्हणून ते बदललेत का हे विचारा.

मग मागे जा आणि जमिनीवर आडवे व्हा. टॉर्च लावून पंपात बघा. इम्पेलरच्या (पाणी मागे ढकलणारं चक्र) पात्यांच्या पुढच्या कडा सलग आणि गुळगुळीत पाहिजेत, दगड-शिंपल्यांनी चावलेल्या दिसल्या तर तेवढा खर्च धरा. हाताने शाफ्ट फिरवा (किल्ली आणि लॅनयार्ड, म्हणजे मनगटाला बांधायची इंजिन बंद करणारी दोरी, काढून, हे दरवेळी), घासल्याचा किंवा किरकिरल्याचा आवाज आला तर बेअरिंग. तळावर लांब ओरखडे चालतील, पण इनटेकच्या तोंडापाशी जेलकोट फुटून आतलं फायबर दिसत असेल तर ती मशीन खडकावर बसलेली आहे.

शेवटी पाण्यात. थंड इंजिन स्टार्ट करायला लावा, आधीच गरम करून ठेवलेली मशीन बघू नका. पंधरा मिनिटं चालवा, मग सीट उघडून बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या आतल्या पोकळीत, पाणी आलंय का बघा. ड्राइव्हशाफ्ट जिथे हलमधून (मशीनच्या खालच्या अंगातून) बाहेर जातो तिथे सी-डूत कार्बन सील असतं, तिथून बारीक फवारा उडत असेल तर सील किंवा रबरी बेलो गेलाय.

पायरी ४: कागदपत्रं

रजिस्ट्रेशन आणि परवानगीसाठी महाराष्ट्रात मेरीटाइम बोर्ड, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स. धरणात चालवायची तर जलसंपदा विभागाची परवानगी वेगळी, पुण्याच्या आसपासची बरीच धरणं पिण्याच्या पाण्याची आहेत, ट्रेलर लावून थेट आत सोडू नका. आयातीचे कागद आणि मूळ इनव्हॉइस नसेल तर मशीन घेऊ नका. इन्शुरन्स घ्या, आणि मॉडिफाय केल्यावर कंपनीला कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी तोच मुद्दा काढतील. मशीन चालवायला शिकायचं असेल तर गोव्यात दोनापावलाला केंद्र सरकारची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वॉटर स्पोर्ट्स आहे, तिथे पॉवरबोटीचे कोर्स होतात, मित्राकडून शिकण्यापेक्षा हजारपट बरं.

पायरी ५: हात लावण्याआधी मोजा

ही पायरी सगळे गाळतात. मशीनच्या डिस्प्लेवरचा स्पीड धरू नका, मोबाइलवर किंवा घड्याळात जीपीएस लावा. सकाळी सपाट पाण्यात, अर्धी टाकी, एकटाच माणूस, एकच सरळ पट्टा दोन्ही दिशेने पळवा, कारण भरती-ओहोटीचा ओढ खाडीत सहज चार-पाच किलोमीटरचा फरक पाडतो, आणि दोन्हीची सरासरी लिहा. सोबत जास्तीत जास्त आरपीएम किती गेला ते लिहा. आरपीएम हा आकडा स्पीडपेक्षा महत्त्वाचा आहे, पुढचं सगळं त्याच्यावर चालतं. जानेवारीतल्या सकाळी मोजलेलं आणि मेमधल्या दुपारी मोजलेलं एकमेकांशी ताडून बघू नका, गरम हवेत इंजिन मुळातच कमी ओढतं.

पायरी ६: पंप, इथेच खरा स्पीड आहे

जेट स्कीला प्रोपेलर नसतो. तळातल्या जाळीतून पाणी आत येतं, इम्पेलर ते मागे ढकलतो, मागची स्थिर पाती म्हणजे स्टेटर त्याचं गरगर फिरणं सरळ करतात आणि अरुंद नोझलमधून धार बाहेर पडते. या साखळीत कुठेही पाणी निसटलं किंवा हवा घुसली की इंजिन कितीही ओरडलं तरी मशीन पुढे जात नाही.

पहिलं निसटतं ते इम्पेलर आणि त्याच्याभोवतीच्या कड्यातून, त्याला वेअर रिंग म्हणतात. नवी असते तेव्हा पात्याचं टोक आणि रिंग यात जेमतेम कागद जाईल एवढी फट असते. आपल्या बीचवर ओहोटीला उथळ पाण्यात स्टार्ट मारली की वाळू आत जाते आणि रिंगला चरे पाडते. फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या) घ्या, प्रत्येक पात्याच्या टोकाला घालून बघा, एकाच जागी नाही, शाफ्ट फिरवून चार ठिकाणी, कारण रिंग एका बाजूने जास्त झिजते. तुमच्या मॉडेलची मर्यादा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते, पण अर्ध्या मिलिमीटरचं पातं आरामात आत सरकत असेल तर मॅन्युअल उघडायचीही गरज नाही, बदला. लक्षण ओळखायचं तर थ्रॉटल दाबला की आरपीएम झपकन वर जातो आणि मशीन जागच्या जागी घरघरते, क्लच प्लेट गेलेल्या बुलेटसारखं, आणि थोड्या वेळाने पकडते.

सी-डूची रिंग बहुतेक मॉडेलला प्लॅस्टिकची असते, ती लवकर झिजते पण बदलायला स्वस्त. मला ही व्यवस्था आवडते, वाळूने काहीतरी खाल्लंच पाहिजे तर इम्पेलरऐवजी रिंग खाऊदे. स्टीलची रिंग पण मिळते, पण तिच्यात दगड अडकला तर नुकसान इम्पेलरचं होतं.

दुसरं म्हणजे हवा. पंप आणि हल यांच्या जोडाच्या फटीतून हवा आत गेली की धार फसफसते. पंप खाली काढलाच आहे तर जुनं सीलंट पूर्ण खरवडून काढा, थिनरने पुसा, आणि चांगलं मरीन सीलंट लावून पूर्ण सुकेपर्यंत पाण्यात उतरवू नका. कामगारांना घाई असते, "साहेब दोन तासात होतं", ऐकू नका, पाकिटावर लिहिलेला वेळ द्या.

तिसरा इम्पेलर. चावलेली पाती फाइलने नीट करता येतात पण जास्त घासली तर बॅलन्स जातो, त्यापेक्षा नवा घेतलेला परवडतो. सोलास, स्कॅट-ट्रॅक असे ब्रँड आहेत. निवडताना पिच, म्हणजे पात्यांचा तिरकेपणा, बघायची. पिच जास्त म्हणजे प्रत्येक फेरीत पाणी जास्त ढकलणार, टॉप स्पीड वाढू शकतो, पण इंजिनला ओझं जास्त, आरपीएम पडणार. पिच कमी म्हणजे सुटताना जोरात, पण वर जाऊन आरपीएम लिमिटरला आपटणार. म्हणून पाचव्या पायरीतला आकडा काढा. सी-डूतली रोटॅक्सची सुपरचार्जरवाली ४-टेक इंजिनं वरती ८,००० च्या आसपास फिरली पाहिजेत. तुमची ७,६०० ला अडकत असेल आणि पंप नवा असेल तर पिच जास्त आहे किंवा इंजिन कमी ओढतंय, आणि लिमिटरला टणटण आपटत असेल तर पिच वाढवायला वाव आहे. अंदाजाने महागडा इम्पेलर मागवून मग आरपीएम ७,४०० वर आणून ठेवलेल्या मशिन्स बऱ्याच दिसतात, दिसायला चकाचक, जायला आधीपेक्षा हळू.

बसवताना स्प्लाइनला (शाफ्टच्या खाचांना) मरीन ग्रीस भरपूर, टॉर्क रेंच वापरा, आणि इम्पेलर काढायचं खास टूल असतं ते विकत घ्या, छिन्नी-हातोडी नको.

इनटेकची जाळी बदलायची असेल तर टॉप लोडर म्हणतात ती घ्या. लाटेत मशीन उडून परत पाण्यात आपटते तेव्हा पंप लवकर पकडतो, सपाट पाण्यावर टॉप स्पीडमध्ये फार फरक नाही. जाळी पूर्ण काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर हसून सोडा. जिथे डोल लागलेत, रापण ओढतायत (दोन्ही मासेमारीची जाळी), नायलॉनचे दोर तरंगतायत तिथे जाळीशिवाय पंप म्हणजे शाफ्टवर गुंडाळी ठरलेली. आणि गुंडाळी झालीच तर इंजिन बंद, लॅनयार्ड खिशात, मशीन किनाऱ्याला आणून शाफ्ट उलट दिशेने हाताने फिरवत दोर सोडवा, नाही सुटला तर हॅकसॉ ब्लेडचा तुकडा उपयोगी पडतो. तो तुकडा ग्लव्हबॉक्समध्ये कायम ठेवा.

पायरी ७: तळ

पुढच्या खर्चाआधी फुकटचं काम करा. पाण्यात उभी ठेवलेली मशीन असेल तर तळावर शेवाळ आणि बारीक कालवं बसतात, तेवढ्याने काही किलोमीटर जातात. प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढा, ओरखडे भरून बारीक पॉलिश पेपर मारा. ग्लव्हबॉक्स आणि बिल्ज रिकामा करा, आत साचलेलं पाणी म्हणजे फुकटचं वजन.

मशीन १०० च्या पुढे नाक वरखाली करत उड्या मारायला लागली, तर आधी ट्रिम (मागच्या नोझलचा वर-खाली कोन) खाली करून बघा. टॉप स्पीडसाठी ट्रिम थोडी वर लागते म्हणजे नाक उचलून तळ कमी पाण्यात राहतो, पण जरा जास्त झाली की उड्या सुरू. ट्रिमने भागत नसेल तर राइड प्लेट, म्हणजे पंपाच्या खालची पट्टी, लांब किंवा वेगळ्या कोनाची बसवतात, त्याने मागचा भाग पाण्यात टेकून राहतो. सी-डूत कूलंट त्याच प्लेटमधून जातं हे विसरून ती बदलायला घेऊ नका.

बाजूचे स्पॉन्सन, म्हणजे तळाच्या दोन्ही कडांच्या पट्ट्या, खाली बसवले की वळणावर पकड, वर घेतले की ओढ कमी आणि स्पीड जरा जास्त. बहुतेकांनी ते मधल्या जागीच ठेवावेत. पकड वाढली की वळणात माणूस बाहेर फेकला जातो, मशीन नाही.

पायरी ८: पेट्रोल

अमेरिकन मॅन्युअलमध्ये "९१ ऑक्टेन" लिहिलेलं असतं आणि आपल्या पंपावर साध्या पेट्रोललाही ई-२० येण्याआधी ९१ होता, म्हणून लोक निवांत असतात. ते दोन वेगळे आकडे आहेत. त्यांचा ९१ हा दोन पद्धतींची सरासरी काढून येतो, आपला आरओएन पद्धतीचा. त्यांचा ९१ म्हणजे आपल्या हिशोबाने ९५ च्या आसपास. म्हणजे सुपरचार्जरवाल्या मशीनला आपल्याकडे ९५ हे कमीत कमी, ट्यून केलेली असेल तर १०० चं.

दुसरा घोळ इथेनॉलचा. या कंपन्यांची मॅन्युअल्स १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतं म्हणतात आणि आता पंपावर सर्रास २० टक्के आहे. बहुतेक जेट स्कींमध्ये कारसारखा ऑक्सिजन सेन्सर नसतो, त्यामुळे ईसीयूला कळतच नाही की पेट्रोल बदललंय, तो जुन्याच मापाने फवारत राहतो आणि मिश्रण साधारण ४ टक्के पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. साध्या इंजिनाला हे एक वेळ चालून जाईल, बूस्टवर फुल थ्रॉटल चालणाऱ्या इंजिनात पिस्टनला भोक पडायचं हेच कारण असतं. म्हणून ज्या पेट्रोलमध्ये इथेनॉल कमी आहे ते कुठलं हे पंपावर लेखी विचारा, आणि टाकीत पंधरा-वीस दिवस पेट्रोल पडू देऊ नका, खाऱ्या दमट हवेत इथेनॉल पाणी ओढतं आणि ते पाणी खाली वेगळं बसतं.

पायरी ९: हवा, एक्झॉस्ट, ईसीयू

इथपर्यंत सगळं झालंय, आरपीएम बरोबर आहे, पंप पकडतोय आणि तरी अजून पाहिजे असेल तरच.

स्पार्कच्या ६० वाल्या मॉडेलला ट्यूनचा फायदा सगळ्यात स्वस्तात दिसतो, कारण ६० आणि ९० च्या इंजिनात मुख्य फरक सॉफ्टवेअरचाच आहे. पण त्यासोबत ९० चा इम्पेलर लावावा लागतो, नाहीतर लिमिटरला आपटत बसाल.

मोठ्या मशीनला एअर इनटेक मोकळा करणं हे पहिलं काम, त्यात फ्लेम अरेस्टर (ज्योत अडवणारी जाळी) काढायचा नाही, सुपरचार्जर असो वा नसो. बंद हलमध्ये पेट्रोलची वाफ साचलेली असते, बॅकफायरची एक ठिणगी बास. मागून मोकळं एक्झॉस्ट लावलं तर आवाज एवढा होतो की गावातले लोक दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन येतात, आणि त्यांचं बरोबर असतं. पॉवर थोडीच मिळते. मी सांगेन, नका करू.

ईसीयू ट्यून करताना तयार मॅप तसाच टाकू नका. तो मॅप ज्या पेट्रोलवर, ज्या तापमानाच्या पाण्यावर बनलाय ते आपलं नाही. मेमध्ये आपला समुद्र ३० अंशांच्या आसपास असतो, इंटरकूलर त्याच पाण्याने हवा थंड करणार म्हणजे हवा गरमच राहणार आणि नॉकिंगचा धोका वाढणार. ट्यूनरला पेट्रोल, पाण्याचं तापमान, इम्पेलर, सगळं लिहून द्या आणि सुरक्षित बाजूचा, जरा जाड मिश्रणाचा मॅप मागा. पहिल्या फुल थ्रॉटल पट्ट्यानंतर लगेच बंद करून प्लग काढा. फिकट तपकिरी ठीक, पांढराफटक आणि टोकाला बारीक चमचमणारे कण दिसले तर ते ॲल्युमिनियम आहे, तुमच्या पिस्टनचं, तिथेच थांबा.

मोठा सुपरचार्जर व्हील, मोठे इंजेक्टर, मोठा इंटरकूलर, हे एकमेकांशिवाय चालत नाहीत. एक घेतलं की तिन्ही आले, आणि मग इंजिनाचं आयुष्य तासांत मोजायचं. वीकेंडला मजा म्हणून चालवणाऱ्याने इथे यायचंच कशाला, हे मला कधी कळलं नाही.

पायरी १०: ट्रायल कुठे आणि कशी

थ्रॉटल सोडला की जेट स्कीचं स्टेअरिंग जातं. वळवते ती पाण्याची धार, धारच नाही तर हँडल नुसतं फिरतं. समोर काही दिसल्यावर घाबरून माणूस पहिलं थ्रॉटल सोडतो आणि सरळ जाऊन धडकतो. नव्या मशिन्समध्ये ब्रेक आणि थोडी मदत असते, सी-डूची आयबीआर, यामाहाची राइड, त्यांची सवय आधी ४० च्या स्पीडला करा.

ट्रायल फेरीच्या मार्गापासून लांब घ्या. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात एलिफंटाकडे निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, ती इंजिनाच्या ट्रायलवर होती आणि ताबा सुटला. माणसं गेली त्यात. तिथे प्रशिक्षित लोक होते, आपण कोण. मांडवा-भाऊचा धक्का मार्गावर तर नाहीच, आणि बीचपाशी पोहणाऱ्यांच्या आजूबाजूला पण नाही. मच्छीमारांना आदल्या दिवशी विचारा जाळी कुठे लावलीत, खूण म्हणून कुठे काठी, कुठे थर्माकोलचा तुकडा, कुठे नुसती प्लॅस्टिकची बाटली असते आणि ती ९० च्या स्पीडला दिसत नाही.

अंगावर लाइफ जॅकेट, मनगटाला लॅनयार्ड, आणि खाली जाड निओप्रीनची पँट. पँटचं कोणी सांगत नाही म्हणून सांगतो, मागे पडलात आणि धार अंगावर आली तर साध्या चड्डीने गंभीर अंतर्गत इजा होते, बाईमाणसांना जास्त, मागे बसणाऱ्यालाही तीच पँट द्या. किनाऱ्यावर एक माणूस फोन घेऊन उभा ठेवा. मशीन उलटली तर मागच्या स्टिकरवर कुठल्या दिशेने सुलटी करायची ते दाखवलेलं असतं, उलट्या बाजूने फिरवली की एक्झॉस्टमधलं पाणी इंजिनात.

स्टार्ट मारताना यामाहाला दोन फूट आणि सी-डूला तीन फूट पाणी खाली पाहिजे. सोपा नियम, कमरेएवढ्या पाण्यात ढकलत न्या, मग बटण.

पायरी ११: धुणं आणि पावसाळा

दरवेळी, अपवाद नाही. आधी इंजिन चालू, मग पाण्याचा नळ. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. उलटं केलं तर पाणी एक्झॉस्टमधून मागे इंजिनात चढतं. सी-डू पाण्याबाहेर दीड मिनिटाच्या वर चालवू नका, कार्बन सील कोरडं तापतं. नळ बंद केल्यावर दोन-तीन छोटे थ्रॉटल मारून आत राहिलेलं पाणी उडवा, बाहेरून धुवा, सीट उघडी ठेवून सुकवा, गंज न लागणारा स्प्रे मारा. स्पीडसाठी घातलेल्या पैशातले निम्मे पैसे या पंधरा मिनिटांमुळे वाचतात.

मे अखेरपासून ऑगस्ट संपेपर्यंत वॉटर स्पोर्ट्स बंदच असतात, तेव्हा मशीन ठेवायच्या आधी ऑइल बदला (जुनं ऑइल तीन महिने आत ठेवू नका), टाकी रिकामी किंवा स्टॅबिलायझर घालून गच्च भरलेली, अर्धी नाही. सिलेंडरमध्ये फॉगिंग ऑइल, बॅटरी काढून घरात चार्जरवर, पंपाला ग्रीस. पूर्ण प्लॅस्टिकने गुंडाळू नका, आत घाम धरतो, हवा खेळेल असं कव्हर घाला. उंदरांसाठी हलच्या भोकांना जाळी लावा, वायरिंग आणि होस त्यांना फार आवडतात.

सप्टेंबरात पहिली स्टार्ट मारायच्या आधी फ्लश पोर्ट (धुताना नळ जोडायचं तोंड) आणि कूलिंगच्या पाण्याचं बाहेर पडायचं बारीक भोक दोन्ही तारेने टोचून बघा. कुंभारमाशीला चिखलाचं घर बांधायला हेच भोक नेमकं सापडतं, आणि ते बंद असेल तर पाणी फिरतंय की नाही हे इंजिन तापल्यावरच कळतं.